कामगाराची पत कोण लिहितो?

पत हा शब्द कामगारवस्तीस नवा नाही. पूर्वी ती वाण्याच्या वहीत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा लालबाग-परळच्या कित्येक दुकानदारांनी महिनेच्या महिने उधारी चालू ठेवली, असे आमच्या आधीच्या पिढीतली माणसे आजही सांगतात. वाणी काही धर्मात्मा नव्हता, आणि वहीत आकडे वाढवून लिहिणारेही त्यांत होते. पण गिऱ्हाईक पैसे का देत नाही, हे त्यास ठाऊक असे. गिरणीचा भोंगा वाजत नाही, हे त्यालाही ऐकू येत होते.

आज कर्ज देणाऱ्यापुढे कारण नसते, आकडा असतो. त्यास इंग्रजीत क्रेडिट स्कोअर म्हणतात. आपले लोक नुसते ‘सिबिल’ म्हणतात. वास्तविक सिबिल हे २००० साली मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीचे नाव. २००५ साली ह्या धंद्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन व क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने हे काम करतात. आकडा ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. साधारण ७५० च्या वर असला म्हणजे बँका समाधानी दिसतात. मात्र अमुक आकड्याखाली कर्ज देऊच नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. तेव्हा “सिबिलने नाकारले” असे कोणी काउंटरवरून सांगितले तर ते खरे मानू नये. नाकारते ती बँक. सिबिल फक्त नोंद दाखवते.

ही नोंद कसली? तुमचा पगार किती, शिल्लक किती, तुम्ही किती घाम गाळता, ह्यातले काहीही आकड्यात धरले जात नाही. कोणते कर्ज, किती रकमेचे, हप्ता वेळेवर आला की नाही, आणि उशीर झाला तर किती दिवसांचा, एवढेच त्यात असते. मागल्या ३६ महिन्यांचा उशीर महिनावार मांडलेला असतो. जन्मात कर्ज न घेतलेल्या काटकसरी माणसास तर आकडाच नसतो! केवळ एवढ्या कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना कळवले आहे. हे अर्ज करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, कर्ज घेतलेच नाही तर ह्या भानगडीत पडायचे कशाला? परंतु ही वही आता कर्जापुरती राहिलेली नाही. एका सरकारी बँकेने निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक त्याच्या कर्जांच्या वाईट नोंदीवरून रद्द केली, आणि जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेचे म्हणणे उचलून धरले. ज्यास नोकरी नाही त्याचा हप्ता थकतो, आणि हप्ता थकला म्हणून नोकरी जाते, हा उफराटा न्याय आम्हांस तरी पटत नाही. पण तो आहे, आणि पोराबाळांना त्याची झळ लागणार आहे.

आता कामगाराचा आकडा बिघडतो कसा, ते पाहू. उधळपट्टीने बिघडतो हे मालकांचे आवडते उत्तर. आमच्या युनियनच्या कचेरीत येणारी प्रकरणे निराळे सांगतात. पहिले कारण अगदी क्षुल्लक आहे, ते म्हणजे तारीख. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत देता येतो. आणि हप्त्याची तारीख पाहावी तर २ किंवा ५! खात्यात पैसे नसतात, हप्ता परत जातो, दंड बसतो आणि उशीर वहीत चढतो. मालकाने कायदा मोडलेला नसतो, कामगाराने पैसे बुडवलेले नसतात, तरी पत जाते. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीच १० किंवा त्यापुढची तारीख मागून घ्यावी. सहीनंतर ती बदलून घेताना चपला झिजतात.

दुसरे कारण क्षुल्लक नाही. आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात कामगारांच्या पगारातून बँकेचा हप्ता दरमहा कापला जात होता. वेतनचिठ्ठीवर कपात छापून येत होती. आणि मालक ती रक्कम बँकेत भरतच नव्हता. कामगारास वाटे, आपले कर्ज फिटत चालले. बँकेच्या दप्तरी तो थकबाकीदार. कापलेली रक्कम कायद्याप्रमाणे ज्या खात्यात भरायची तिथे मालकाने भरली नाही, तर त्या कसुरीस कामगार जबाबदार धरला जाणार नाही, असे वेतन संहितेत म्हटले आहे. परंतु आकडा काढणारे यंत्र कायदा वाचत नाही. म्हणून वेतनचिठ्ठी फेकू नये, आणि तीन महिन्यांतून एकदा बँकेतून कर्जखात्याचा उतारा काढून चिठ्ठीशी ताडून पाहावा. तफावत दिसली की बँक आणि मालक ह्या दोघांनाही त्याच दिवशी लेखी कळवावे.

जामीनकीचेही तसेच. खात्यातला सोबती म्हणाला, “दादा, एक सही द्या,” की आपण देतो; नाही म्हणणे जिवावर येते. पण ते कर्ज तुमच्याही अहवालात दिसते आणि त्याची थकबाकी तुमच्याही पतीस लागते. सही करू नका असे आम्ही म्हणणार नाही, कारण एकमेकांच्या सहीवरच आपल्या पतपेढ्या उभ्या राहिल्या. सोबत्याच्या हप्त्याची चौकशी मात्र बिनसंकोच करीत जावी. मोबाइलवरून पाच मिनिटांत मिळणारे दोन-पाच हजारांचे कर्जही आता ह्या वहीत येते. आणि वसुलीवाला “एवढे भरा, बाकी सोडतो” म्हणतो तेव्हा नोंद ‘फिटले’ अशी न होता ‘तडजोडीने मिटवले’ अशी होते, व पुढच्या बँकेला ती खुपते. नाइलाज असेल तर तडजोड करावी, पण तिचा अर्थ समजून करावी.

आपली वही वाचणे अवघड नाही. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा २०१७ पासून नियम आहे. पॅन क्रमांक व मोबाइल एवढे पुरते. आपला अहवाल आपण पाहिल्याने आकडा घसरत नाही. ठिकठिकाणी कर्जाचे अर्ज टाकल्याने मात्र घसरू शकतो. अहवालात न घेतलेले कर्ज दिसले तर तुमच्या पॅनवर दुसऱ्याने हात मारला असे समजावे. आकडा वाढवून देतो म्हणून पैसे मागणारे दलाल अलीकडे फार झाले आहेत. खरी नोंद पुसणे त्यांच्या हाती नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करून घ्यायला त्यांची गरज नाही.

चुकीची नोंद दिसली तर बँकेकडे किंवा त्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी. बँकेने मान्य केल्यावाचून कंपनी आपण होऊन नोंद बदलू शकत नाही, म्हणून पुरावा जोडावा: वेतनचिठ्ठी, कर्जखात्याचा उतारा, कर्ज फिटल्याचे पत्र. बँकेला उत्तर द्यायला २१ दिवस आणि एकंदर निकालास ३० दिवस, ही मुदत ठरलेली आहे. त्यापुढे एप्रिल २०२४ पासून दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदारास मिळते, आणि तरीही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. बँकांनी ही माहिती निदान पंधरवड्यास कंपन्यांकडे पाठवावी असा दंडक १ जानेवारी २०२५ रोजी लागू झाला. तेव्हा दुरुस्त नोंद पूर्वीसारखी महिनोन्महिने अडकू नये. तीस दिवसांची मोजणी तक्रार दाखल झाल्यापासून सुरू होते, तोंडी बोलण्यापासून नव्हे. तक्रारीचा क्रमांक व तारीख लिहून घेतल्याखेरीज काउंटर सोडू नये, आणि मोबाइल क्रमांक बदलला असेल तर तो बँकेत आधी नोंदवावा, कारण थकबाकीची व अहवाल कोणी पाहिल्याची सूचना त्याच क्रमांकावर येते.