रुग्णसहायक अभ्यासक्रम : यशाचे मोजमाप

आमच्या रुग्णालयात चालणाऱ्या रुग्णसहायक अभ्यासक्रमातील अनेक विद्यार्थ्यांचे शुल्क देणगीदार भरतात. ‘ही मुले-मुली पुढे काय करतात?’ असे ते विचारतात व हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही कसे शोधतो, हे येथे थोडक्यात मांडीत आहोत.

आजवर वार्षिक अहवालात आम्ही केवळ परीक्षेचा निकाल देत असू. परंतु तेवढ्याने चित्र पूर्ण होत नाही. समजा, २० जणांनी प्रवेश घेतला, ५ जण मध्येच सोडून गेले आणि उरलेले सर्व १५ जण उत्तीर्ण झाले. निकाल १०० टक्के दिसतो. प्रवेशसंख्येच्या हिशेबाने मात्र तो ७५ टक्केच भरतो. त्यांपैकी १० जण वर्षभरानंतर कामावर असतील, तर प्रमाण ५० टक्क्यांवर येते. तिन्ही आकडे खरे आहेत. परंतु पहिलाच छापला, तर सोडून गेलेले ५ जण हिशेबातूनच नाहीसे होतात. बसभाडे परवडले नाही, की घरी कोणी आजारी पडले, हे विचारायचेही मग राहून जाते.

प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांनी करावे, असे अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये सुचविले : प्रशिक्षणार्थींचा अभिप्राय, प्राप्त ज्ञान, कामावरील वर्तन आणि अंतिम परिणाम. आम्ही हीच चौकट स्वीकारली आहे.

अभिप्राय घेणे सोपे असते. ज्ञान व कौशल्य तपासण्यासाठी स्कॉटलंडमधील रोनाल्ड हार्डन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेली ‘ऑस्की’ पद्धत उपयोगी पडते. विद्यार्थी एकेका टेबलापाशी जाऊन ठरावीक वेळेत रक्तदाब मोजणे, रुग्णाची कूस बदलणे अशी कामे करून दाखवितो. सर्वांसाठी एकच यादी असल्याने परीक्षकाच्या मर्जीस फारसा वाव राहत नाही.

वर्तनाची कसोटी मात्र वॉर्डातच लागते. हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत दिले आहेत. परीक्षेत ते पाचही अचूक सांगणारा विद्यार्थी गर्दीच्या पाळीत ते पाळतो का, हे परिचारिकाच सांगू शकतात. अंतिम परिणाम ठरविणे सर्वांत कठीण. शय्याव्रण कमी झाले, तर त्याचे श्रेय एकट्या रुग्णसहायकास देता येत नाही. त्यात आहार, गादी व परिचारिकांची संख्या यांचाही वाटा असतो.

यापुढे प्रवेश घेतलेले, अभ्यासक्रम पूर्ण केलेले, उत्तीर्ण झालेले आणि वर्षानंतर कामावर असलेले, असे चार आकडे शेजारी शेजारी छापण्याचा आमचा मानस आहे. शेवटचा आकडा पूर्वीच्या निकालाहून लहान दिसेल. काम खालावले, असा त्याचा अर्थ कृपया घेऊ नये. मोजणी अधिक खरी झाली, एवढेच. रुग्णांच्या नातेवाइकांनीही रुग्णसहायकांविषयीचा आपला बरा-वाईट अनुभव अवश्य कळवावा, ही नम्र विनंती.