पिल्लू वेंधळं, की त्याला दिसतच नाही?

बालमित्रांनो, फळ्यावरची अक्षरं पुसट दिसायला लागली, की तुम्ही काय करता? बाईंना सांगता, नाहीतर घरी आईला सांगता. मग डोळ्यांचे डॉक्टर, मग चष्मा, की मिटला प्रश्न! पण घरी नुकत्याच आलेल्या कुत्र्याच्या पिल्लाने काय करावं? 'मला नीट दिसत नाही' हे त्याला सांगताच येत नाही. उलट ते स्टुलावर आपटलं, की आपण हसतो. चेंडू सापडला नाही, की त्याला 'वेंधळं' म्हणतो. एखादे वेळी चापटही देतो. कोणी तर असं पिल्लू रस्त्यावरही सोडून देतं. दोष डोळ्यांचा आणि शिक्षा पिल्लाला! हा अन्याय टाळायचा असेल, तर पिल्लाकडे नीट लक्ष देऊन बघायला शिकायला हवं.

आधी थोडी माहिती

कुत्र्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात. साधारण १० ते १४ दिवसांनी ते उघडतात. तेव्हा ते निळसर, धुरकट दिसतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही बरं का! नजर पक्की व्हायला पुढे काही आठवडे लागतात. त्यामुळे महिन्याचं पिल्लू धडपडलं, तर लगेच काळजी करू नका.

शिवाय कुत्र्याची नजर आपल्यासारखी नसते. आपल्याला ७५ फुटांवरून जे स्पष्ट दिसतं, ते पाहायला कुत्र्याला साधारण २० फुटांपर्यंत यावं लागतं. रंगांचीही तीच कथा. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, पण तांबडा व हिरवा यांतला फरक कळत नाही, हे १९८९ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवून दिलं. म्हणजे हिरव्या गवतातला लाल चेंडू सापडला नाही, तर तो आजार नव्हे. निळा चेंडू घेऊन बघा!

मग ओळखायचं कसं?

खरी अडचण अशी, की अधू नजरेचं पिल्लू आपल्याला सहज चकवतं. त्याचं नाक आणि कान इतके तल्लख असतात, की घरातली वाट ते पाठ करून टाकतं. कपाट कुठे, पाण्याचं भांडं कुठे, सारं त्याला ठाऊक! मग पाहुणे येतात, खुर्च्या हलवल्या जातात आणि पिल्लू धडकतं. तेव्हा कुठे शंका येते.

या गोष्टींवर लक्ष ठेवा:

● नव्या जागी किंवा सामान हलवल्यावर ते वस्तूंवर आपटतं का?
● जिना उतरताना अडखळतं किंवा उतरायलाच घाबरतं का?
● दिवसा मजेत हुंदडणारं पिल्लू संध्याकाळी अंधारात बिचकतं का?
● चालताना पाय जास्त उंच उचलतं, किंवा नाक जमिनीला लावून वाट शोधत जातं का?
● आवाज न करता हात लावला, की एकदम दचकतं का?
● डोळा लाल आहे, सारखा गळतो, अर्धवट मिटलेला असतो, किंवा बुबुळावर पांढुरकी झाक आली आहे का?

यातली एखादी गोष्ट एकदा दिसली, म्हणून पिल्लू आंधळं ठरत नाही. पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, तर वहीत तारीख, वेळ, उजेड किती होता आणि काय घडलं, हे लिहून ठेवा. ही वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

दोन सोपे प्रयोग

कापसाचा गोळा: दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला ताईने किंवा दादाने मांडीवर धरावं. तुम्ही त्याच्यासमोर हातभर अंतरावरून कापसाचा गोळा अलगद खाली सोडा. कापसाचा आवाज होत नाही आणि त्याला खाऊसारखा वासही नसतो. म्हणजे पिल्लाची मान त्याच्याबरोबर खाली वळली, तर ते डोळ्यांनीच पाहतंय! मग डावीकडून आणि उजवीकडूनही सोडून बघा. मात्र दोन-तीनदाच हं, नाहीतर कंटाळून ते बघणारच नाही.

अडथळ्यांची वाट: खोलीत रिकामी खोकी, उशा, प्लॅस्टिकची बादली अशा हलक्या वस्तू मांडा. पलीकडे उभं राहून पिल्लाला एकदा हाक मारा आणि गप्प राहा. आधी भरपूर उजेडात, मग वस्तूंच्या जागा बदलून मंद उजेडात. उजेडात नीट आलं, पण मंद उजेडात धडकलं, तर रातांधळेपणाची शंका घ्यावी.

डोळ्यांपुढे झटकन हात नेऊन 'पापणी लवते का' हे मात्र बघू नका. तीनएक महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला अशी पापणी मिटणं जमतंच असं नाही. आणि हाताचा वारा मिशांना लागला, तर आंधळं पिल्लूही पापणी मिटतं!

डॉक्टर काय करतात?

पशुवैद्य खास उपकरणाने डोळ्याच्या आतला पडदा बघतात, डोळ्यातला दाब मोजतात आणि ओरखडा शोधायला रंगाचा थेंब घालतात. कारणं अनेक असतात. लहान पिल्लालाही मोतीबिंदू होऊ शकतो. डिस्टेंपर या आजारात डोळ्याचा पडदा किंवा डोळ्याची नस बिघडू शकते, म्हणून त्याची लस वेळेवर द्यायलाच हवी. लॅब्रॅडॉर, कॉकर स्पॅनियल अशा काही जातींत पडदा हळूहळू झिजण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात आधी रात्रीची नजर जाते.

आई-बाबांसाठी एक सूचना: घरातले माणसांचे थेंब, मध, काजळ, तुरटीचं पाणी पिल्लाच्या डोळ्यात घालू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. डोळ्यावर जखम असेल, तर त्याने ती चिघळते. डोळा एकाएकी लाल झाला, पांढुरका झाला, उघडेनासा झाला किंवा बाहेर आल्यासारखा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि दिसतच नसेल तर?

तरीही पिल्लू आनंदात जगू शकतं! फर्निचर हलवू नका. पाण्याचं भांडं एकाच जागी ठेवा. जिन्याला आडोसा करा. हात लावण्याआधी नावाने हाक मारा. 'थांब', 'पायरी' असे शब्द शिकवा. रस्त्यावर पट्टा कधीही सोडू नका.

आता एक खरी गोष्ट ऐका. ब्रिआर्ड जातीच्या काही कुत्र्यांत एका जनुकातल्या दोषामुळे जन्मापासून अंधत्व येतं. तसाच आजार काही मुलांनाही होतो. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी अशा कुत्र्यांच्या डोळ्यात निर्दोष जनुक सोडलं आणि २००१ साली जाहीर केलं, की त्यांना दिसू लागलं आहे! त्यातला एक होता लॅन्सलॉट. पण कुत्र्यांना खरंच दिसतंय, हे ठरवलं कसं? त्यांना अडथळ्यांतून चालायला लावून! उपचार केलेल्या डोळ्याच्या बाजूच्या वस्तू ती चुकवत आणि दुसऱ्या बाजूच्या वस्तूंवर धडकत. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये या आजाराच्या माणसांसाठीही अशा उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी त्या रुग्णांचीही परीक्षा कमी-जास्त उजेडात, अडथळ्यांच्या वाटेवरच झाली होती.

म्हणजे तुमच्या उशा आणि खोकी काही साधीसुधी नव्हेत! तेव्हा दोस्तांनो, पिल्लू पुन्हा धडपडलं, तर हसण्याआधी कापसाचा गोळा काढा. आणि शंका आलीच, तर वही घेऊन आई-बाबांबरोबर पशुवैद्यांकडे चला.