बोट एका बाजूला का ओढते?

२३ सप्टेंबर २०२३ रोजी पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला. घरांत अडकलेल्यांना बचाव पथकांनी बोटींतून बाहेर काढले. गल्लीत शिरणारी बोट सरळ जायला हवी. पण मागे मोटर लावलेल्या छोट्या बोटीचे सुकाणू कधीकधी एकाच बाजूला ओढते. असे का?

विद्यार्थ्यांना टबातल्या पाण्यात फुटपट्टी उभी धरून, तिची कड पुढे करून ओढायला सांगा. ती सरळ जाते. किंचित तिरपी केली, की पाणी तिला बाजूला ढकलते. पंख्याची पातीही अशीच तिरपी असतात. मोटर बोटीकडे फार झुकली, तर पंख्याचा दांडा मागच्या बाजूला खाली कलतो. मग मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याचे उजवीकडून खाली येणारे पाते पाण्याला अधिक जोराने रेटते आणि बोट उजवीकडे वळू पाहते.

आधी बोटीतले वजन दोन्ही बाजूंना सारखे करा, मोटरीचा कल सुधारा. ओढ राहिलीच, तर मोटर बंद करून पंख्याच्या वरची छोटी पट्टी सैल करा, तिचे मागचे टोक किंचित उजवीकडेच वळवा आणि बोल्ट घट्ट आवळा. हे उलटे वाटते? पाणी त्या टोकाला डावीकडे ढकलते, म्हणून ओढ भरून निघते. फुटपट्टीनेच पडताळून पाहा.