मोटारीचा जागता पहारेकरी

एक साधा प्रयोग करून पाहा. मित्राला तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. तिचे शून्याचे टोक तुमचा अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये येऊ द्या. मात्र पट्टीला स्पर्श करू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडली की ती चिमटीत पकडा. बहुतेकांच्या हाती ती १५ ते २० सेंटिमीटरच्या खुणेपाशी सापडते. पट्टी २० सेंटिमीटर खाली पडण्यास सुमारे ०.२ सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहिले, मेंदूने हुकूम सोडला आणि बोटे मिटली, एवढ्याला लागलेला हा वेळ. यालाच प्रतिक्रियाकाल म्हणतात.

मोटार चालवणाऱ्याचे काम याहून अवघड असते. धोका दिसणे, तो धोका आहे हे उमगणे आणि पाय ब्रेकवर नेणे यांत सहज दीड सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच ती २५ मीटर पुढे गेलेली असते! त्यानंतरचे थांबण्याचे अंतर काढण्यासाठी वेगाच्या वर्गाला ऋण त्वरणाच्या दुपटीने भागावे. कोरड्या रस्त्यावर हे ऋण त्वरण सेकंदवर्गाला ७ मीटर धरले, तर आणखी २० मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते. या गणितातले ब्रेकचे २० मीटर फारसे कमी करता येत नाहीत. परंतु आधीचे २५ मीटर वाचवता आले तर? या विचारातूनच धडक-सूचक यंत्रणा आणि आपोआप लागणारा ब्रेक यांचा जन्म झाला.

यंत्राचे डोळे

या यंत्रणेला बहुधा दोन प्रकारचे डोळे असतात. पहिला रडारचा. मोटारीच्या पुढील भागातून ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या वारंवारतेच्या रेडिओ लहरी सोडल्या जातात. त्यांची तरंगलांबी जेमतेम ४ मिलिमीटर असते. पुढील वाहनावर आपटून लहर परत आली की, तिला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि वारंवारतेत पडलेल्या फरकावरून सापेक्ष वेग कळतो. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेला परिणाम तो हाच. दोन वाहने सेकंदाला १० मीटर वेगाने जवळ येत असतील, तर हा फरक सुमारे ५,१०० हर्ट्झ भरतो.

दुसरा डोळा कॅमेऱ्याचा. समोरची वस्तू ट्रक आहे, सायकल आहे की माणूस, हे चित्रावरून संगणक ठरवतो.

आता भागाकार सोपा आहे. समजा, पुढील वाहन ३० मीटरवर आहे. आपला वेग ताशी ६० किलोमीटर आणि त्याचा २४. फरक ताशी ३६ किलोमीटर, म्हणजेच सेकंदाला १० मीटर. तेव्हा काहीच केले नाही, तर धडकेला ३ सेकंद उरले आहेत. हा आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला की आधी घंटा वाजते. तरीही चालक हलला नाही, तर यंत्र स्वतःच ब्रेक लावते.

लांडगा आला रे आला

मग अडचण कोठे आहे? ती आहे निर्णयात. रस्त्याकडेचे फलक, पूल, खांब, उभी वाहने या साऱ्या स्थिर वस्तू धावत्या मोटारीकडे एकाच वेगाने येताना रडारला दिसतात. त्यातही साध्या रडारला वस्तू किती उंचीवर आहे हे नीट कळत नाही. वरचा फलक आणि वाटेत उभा ट्रक त्याला जवळजवळ सारखेच! म्हणून पूर्वीच्या अनेक यंत्रणा मोठ्या वेगात स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करीत.

असे का, हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. यंत्राने वर्षात १०,००० प्रसंग जोखले आणि हजारात एकदाच चूक केली, तरी दहा वेळा विनाकारण ब्रेक लागेल. खरा धोका मात्र वर्षात एखादाच. भरधाव रस्त्यावर विनाकारण लागलेला ब्रेक मागच्या वाहनाला आमंत्रणच देतो. शिवाय दहा खोट्या घंटा ऐकलेला चालक अकरावीकडे लक्ष देत नाही. लांडग्याच्या गोष्टीतील मुलाची गत ती यंत्राचीही होते. उलट यंत्र फार सोशिक केले, तर खरा धोका निसटतो. एक चूक कमी करावी तर दुसरी वाढते. यातून पूर्ण सुटका नाही; नवे रडार आणि चांगले कॅमेरे दोन्ही चुका थोड्याथोड्या कमी करतात, इतकेच.

रस्त्यावरचा निकाल

अमेरिकेत विमा कंपन्यांनी चालवलेल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने पोलिसांकडील अपघातांच्या नोंदी तपासल्या. पुढील वाहनावर मागून आदळण्याचे अपघात नुसत्या घंटेने २७ टक्के, तर आपोआप लागणाऱ्या ब्रेकची जोड मिळाल्यावर ५० टक्के कमी झाल्याचे तिला आढळले. हे यश लहान नव्हे.

परंतु पादचाऱ्यांची कथा वेगळी आहे. याच संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासात पादचाऱ्यांना बसणाऱ्या धडका एकूण २७ टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. मात्र दिवे नसलेल्या रस्त्यावर रात्री काहीच फरक आढळला नाही. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ साली पुतळे वापरून चाचण्या केल्या. दिवसाउजेडी, ताशी ३२ किलोमीटर वेगाला, रस्ता ओलांडणाऱ्या प्रौढाच्या पुतळ्याशी धडक ४० टक्के वेळा टळली. दोन मोटारींच्या मधून अचानक पुढे येणाऱ्या मुलाच्या पुतळ्यावर मात्र ८९ टक्के वेळा धडक बसली. २०२५ साली तर आणखी नवल दिसले. रात्री चकाकणाऱ्या पट्ट्या अंगावर असलेला पुतळा, तपासलेल्या तीनपैकी दोन मोटारींना ओळखताच आला नाही. चालकाच्या डोळ्यांना जे ठळक दिसते, ते कॅमेऱ्यालाही दिसेलच असे नाही!

आपल्या देशाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची आणि १९ टक्के पायी चालणारी होती. मोटारीच्या मागे मोटार धावते अशा रस्त्यावर हे यंत्र सर्वांत चांगले काम करते. आपल्याकडे बळी जातात ते बहुतांशी त्याला कमी चांगले दिसणाऱ्यांचे.

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला आहे. अमेरिकेनेही २०२४ साली असा नियम जाहीर केला असून, त्यात अंधारात पादचारी ओळखण्याची अटही घातली आहे. म्हणजे यंत्राचे डोळे सुधारतील. तथापि घर्षण आणि गतिज ऊर्जा यांचे नियम कोणत्याही संगणकाला मोडता येत नाहीत. मूल एकदम दहा मीटरवर धावून आले, तर ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटार, ब्रेक त्याच क्षणी लागला तरी, थांबत नाही. ताशी ३० किलोमीटर वेग असेल, तर ब्रेकचे अंतर ५ मीटर. हे गणित तुम्ही स्वतः करून पाहा, आणि घरात जे कोणी गाडी चालवीत असतील त्यांनाही दाखवा.