ज्युनियर तपकिरी, सीनियर काळा!

कर्जतजवळच्या रेहेकुरी अभयारण्यात काळविटांचा कळप दिसला की सगळ्यांचे मोबाइल वळतात त्या काळ्याभोर, पिळदार शिंगांच्या नराकडे. बाकी सगळ्या माद्या, असं आपण धरूनच चालतो. पण त्या तपकिरी घोळक्यात ‘फर्स्ट इयर’ची पोरंही असतात. कोवळा नर रंगाने आईसारखाच. वर्षाच्या नराची शिंगं सरळसोट, पीळ नंतर पडतो. काळा रंग चढायला साधारण तीन वर्षं लागतात. गणनेत नुसता रंग बघितला तर माद्यांचा आकडा फुगतो आणि पुढच्या पिल्लांचा अंदाजही हुकतो.

मादी सरासरी २७ किलोंची, नर ३८च्या आसपास. एवढा फरक का? मादीची वाढ लवकर थांबते; खाल्लेलं पुढे पिल्लांच्या वाट्याला जातं. नर मात्र भरतच राहतो, कारण त्याला जागेसाठी भिडायचं असतं. गुजरातेत वेळावदरला हे नर जमिनीचा छोटासा तुकडा अडवून उभे असतात. पहारा आणि मारामारीत चरणं राहूनच जातं. बॉडी कमवायची आणि तिथेच झिजवायची!

आफ्रिकेतल्या चिमुकल्या डिक-डिकमध्ये जोडी कायमची, त्यामुळे माद्यांसाठी रोजची कुस्ती नाही. तिथे मादीच किंचित मोठी असते.