विमान, पेट्रोल आणि आपलें नाक

ता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन पुस मॉथ जातीच्या लहानशा विमानानें कराचीहून निघाले आणि दुपारीं मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. वाटेंत अहमदाबादेस त्यांच्यासाठीं पेट्रोलचे चार-चार गॅलनांचे डबे बैलगाडींतून आणले होते. त्या बैलगाडीचें कौतुक सर्वांस वाटतें. डब्यांतील पदार्थाविषयीं मात्र फारसें कोणी विचारीत नाहीं. आपण आज त्याचाच विचार करूं.

पेट्रोल जळतें असें आपण म्हणतों. वस्तुतः जळते ती त्याची वाफ. उणे ४० अंश सेल्सिअसच्या सुमारासहि ठिणगीनें पेट घेण्याइतकी ती निघते. मग निर्मळच्या वैशाखांत काय सांगावें! ती हवेहून तिपटीचौपटीनें जड असल्यामुळें वर न जातां जमिनीवरून वाहते व खळग्यांत सांचते. शिवाय पेट्रोल ओततांना घर्षणानें वीज उत्पन्न होते. म्हणून टांकी भरण्यापूर्वीं विमान व पेट्रोलचें पात्र हीं धातूच्या तारेनें जोडून घेतात.

हीच वाफ गळतीमुळें वैमानिकाच्या खोलींत शिरली तर डोकें दुखतें, मळमळतें, भोंवळ येते. मोटार हांकणारा गाडी थांबवून खालीं उतरेल; वैमानिकास ती सोय कोठें? त्यांतून नाक मोठें लबाड. कांहीं वेळानें त्याला वासाची संवय होते, आणि वास गेला म्हणजे संकट टळलें असें मनुष्य समजतो.

तथापि वास येणारा शत्रु एकपरी बरा. लहान विमानांत ऊब मिळावी म्हणून पुष्कळदां इंजिनाच्या तप्त धूरनळीभोंवतीं कवच बसवून त्यांतून हवा आंत घेतात. नळीस बारीकशी चीर पडली कीं त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड वायु येतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. बुद्धि मंद होते, व ती मंद झाली हें त्याच बुद्धीस कळत नाहीं. ता. २१ जानेवारी २०१९ रोजीं अर्जेंटिनाचे फुटबॉलपटू एमिलियानो साला फ्रान्समधील नांत येथून कार्डिफला जात असतां त्यांचें एका इंजिनाचें विमान इंग्लिश खाडींत कोसळलें. त्यांच्या रक्तांतील हिमोग्लोबिनापैकीं ५८ टक्के या वायूनें व्यापलेलें आढळलें. वैमानिकासहि बहुधा त्याची बाधा झाली होती, असें चौकशींत ठरलें. सूचना देणारें यंत्र त्या विमानांत नव्हतें. विमानाच्या किंमतीपुढें तें कवडीमोलाचें. परंतु माणसें नाकावरच विसंबतात! यंत्रानें इशारा देतांच ऊब बंद करावी, बाहेरची ताजी हवा आंत घ्यावी व जवळच्या विमानतळावर उतरावें.

आमच्या मुलांपैकीं वैमानिक थोडेच होतील. परंतु हाच वायु दारें-खिडक्या लावून पेटविलेल्या कोळशाच्या शेगडींतून निघतो. वाडींतील पाण्याच्या इंजिनाच्या धुरांतहि तो असतो. पालकांनीं असें इंजिन विहिरीच्या आंत किंवा बंद खोपटांत चालवूं नये. तेथें कोणी बेशुद्ध पडलेला दिसल्यास एकट्यानें धांव घालूं नये; आधीं शेजाऱ्यांस हांक मारावी, बाहेरून बंद करतां येत असेल तर इंजिन बंद करावें, आणि त्यास लवकर मोकळ्या हवेंत आणण्याची तजवीज करावी.