दोरा, वॅक्स की लेझर?

पुण्या-मुंबईत नेहमीच्या पार्लरवाल्या ताईंना आपली त्वचा पाठ असायची. इथे अमेरिकेत मात्र आपणच चौकशी करावी लागते. आमच्यातल्या एकीच्या गालावर लेझरनंतर काळे डाग पडले, ते जायला वर्ष लागलं. म्हणून हा लेखप्रपंच!

भुवया आणि वरच्या ओठासाठी आम्हाला थ्रेडिंगच बरं वाटतं. नुसता दोरा, त्वचेवर काही लावायला नको. हातापायांसाठी वॅक्सिंग. केस मुळापासून निघतात, ३-४ आठवडे निश्चिंती. पण केस साधारण पाव इंच वाढलेले हवेत. मुरुमांसाठी रेटिनॉइडचं क्रीम किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्सिंग नकोच, वरची कातडी सोलवटते.

लेझर केसातल्या मेलॅनिन या रंगद्रव्याला तापवतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेतही तेच भरपूर, म्हणून भाजण्याची भीती. आपल्यासाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण या लहरी मेलॅनिन कमी शोषतं. तेव्हा मशीन कुठलं ते न लाजता विचारा आणि आधी छोट्याशा जागी करून बघा. पांढऱ्या केसांवर मात्र लेझर चालत नाही. तिथे इलेक्ट्रॉलिसिस: सुईने एकेक केस, वेळखाऊ, पण कायमचा इलाज.

आणि हो, हनुवटीवर अचानक राठ केस येऊ लागले तर पार्लरआधी डॉक्टर गाठा. कारण हॉर्मोन्सचं असू शकतं.